खर्जाची तार

भजनाच्या बैठकींत वीणेकरी उभा असतो. तो गात असो वा नसो, त्याचें बोट तारेवर चालूच असतें. टाळ-पखवाजाच्या गजरांत त्या तारेचा आवाज वेगळा म्हणून कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. परंतु ती थांबली, तर कांहींतरी उणें झालें हें बसलेल्यांपैकीं लहान मुलालाही कळतें. आमच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कोणत्याही गांवीं हा अनुभव घेतां येईल. शास्त्रीय गायकाच्या पाठीमागें तंबोरा हेंच काम करतो, व त्याच्या चार तारांपैकीं शेवटची जी जाड तार, तिला आपण खर्जाची तार म्हणतों. आज ज्या वाद्याविषयीं आम्ही लिहीत आहों तें परदेशांत जन्मलें, विजेवर वाजतें आणि त्याचें नांवही इंग्रजी आहे. तरी तें खर्जाच्याच घराण्यांतील आहे. त्यास बेस गिटार म्हणतात. भेद एवढाच कीं, तंबोऱ्याचा खर्ज एका स्वरावर स्थिर राहतो, आणि बेस गिटारीचा खर्ज गाण्याबरोबर चालतो.

चर्चमधील गायनवृंदांत, हळदीच्या रात्रीं होणाऱ्या वाद्यवृंदांत आणि मोबाईलवर ऐकूं येणाऱ्या बहुतेक गाण्यांत हें वाद्य आज आहेच. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाला तें शिकण्याची ओढ लागली, म्हणजे घरांत प्रश्न उभा राहतो तो पैशांचा. जुनें घ्यावें कीं नवें? भाताच्या हंगामाकडे पाहून खर्च करणाऱ्या कुटुंबाला हा प्रश्न कांहीं लहान नव्हे. म्हणून या वाद्याची घडण व पारख यांविषयीं थोडें विस्तारानें लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

पूर्वीं पाश्चात्य वाद्यवृंदांत खर्जाचें काम पुरुषभर उंचीचें एक थोरलें व्हायोलिन करीत असे. त्यास डबल बेस म्हणतात. तें गाडींत मावत नसे, आणि इतर वाद्यें मोठ्यानें वाजूं लागलीं कीं ऐकूंही येत नसे. अमेरिकेंत सिॲटल येथें पॉल टटमार्क यानें १९३० नंतरच्या दशकांतच विजेवर चालणारी आडवी बेस गिटार करून पाहिली होती. पण तिचा प्रसार झाला नाहीं. तो मान १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवच्या लिओ फेंडरकडे गेला. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती, हें ऐकून तुम्हांस नवल वाटेल. त्यानें भोपळ्याच्या किंवा पोकळ पेटीच्या जागीं भरीव लाकडाची फळी घेतली, दांडीवर सतारीप्रमाणें पडदे बसविले, आणि तारेची लांबी ३४ इंच ठेविली. पडद्यांमुळें बोट पडेल तेथें स्वर नेमका निघूं लागला, म्हणून वाद्याला नांव दिलें ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा. १९६० सालीं त्याच कारखान्यांतून ‘जॅझ बेस’ निघाला. त्याची दांडी खुंटीकडे निमुळती असून त्याला दोन पिकअप असतात. आज बाजारांत जे शेकडों प्रकार दिसतात, त्यांतील पुष्कळ या दोहोंचींच लेकरें आहेत.

पोकळ पेटी नाहीं, तर मग आवाज कोठून येतो? तारांखालीं जो पिकअप असतो, त्यांत लोहचुंबक असून त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे घातलेले असतात. वरची पोलादी तार हालली, कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें व वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखवून दिलेला हाच तो नियम. विज्ञानाच्या तासाला तुम्हीं तो शिकलांच आहां. तें क्षीण स्पंदन ॲम्प्लिफायर वाढवितो. आपल्याकडे मिरवणुकींत वाजणारा बँजो ज्यांनीं जवळून पाहिला असेल, त्यांना ही रचना अगदीं अनोळखी वाटणार नाहीं. हा आपला बँजो म्हणजे जपानांत १९१२ सालीं निघालेल्या तैशोगोतो या वाद्याचा वंशज. त्यालाही आपल्या वादकांनीं पिकअप जोडूनच मिरवणुकीजोगा केला.

आतां स्वरांकडे वळूं. बेस गिटारीच्या चार तारा जाडीकडून बारकीकडे मोजल्या, तर त्यांचीं कंपनें सेकंदाला सुमारें ४१, ५५, ७३ आणि ९८ होतात. काळी एकमध्यें लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाचीं कंपनें ६९ च्या आसपास असतात. म्हणजे आपला खर्ज बेसच्या तिसऱ्या तारेच्या शेजारीं बसतो, आणि बेस त्याच्याही खालीं बराच उतरतो. इतका खालचा स्वर कानापेक्षां छातींत अधिक जाणवतो. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरांतून तो जवळजवळ निघतच नाहीं. म्हणून ज्यानें बेस केवळ मोबाईलवर ऐकला, त्यानें तो अर्धाच ऐकला असें समजावें.

जुन्या वाद्याची थोरवी आपल्याला नवी नाहीं. मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्यापूर्वीं कित्येक पिढ्या गवई मंडळी तेथील जुना, भोपळा व लाकूड नीट वाळलेला तंबोरा जिवापाड जपत आलीं आहेत. बेस गिटारीच्या शौकिनांचीही तीच गत आहे. फेंडरनें आपला कारखाना १९६५ सालच्या जानेवारींत सी. बी. एस. या मोठ्या कंपनीला विकला. संग्राहक त्यापूर्वींच्या वाद्यांना फार मानतात, व त्यांतील अस्सल वाद्यासाठीं कित्येक लाख रुपये मोजतात. अस्सलपणा ते पाहतात तो असा: दांडी सोडवून तिच्या टोंकावर घातलेली तारीख वाचावयाची, आंतील बटणांवर ठोकलेले आंकडे ताडून पाहावयाचे, डाख पूर्वीं कधीं उकलला होता कीं काय तें निरखावयाचें. रंग मागाहून दिलेला असेल, तर किंमत पुष्कळ उतरते. मूळचा रंग झिजून लाकूड उघडें पडलेलें असेल, तर मात्र ती तितकी उतरत नाहीं. वाद्य वाजविल्यानें झिजतें, आणि ती झीज म्हणजे त्याच्या सेवेची नोंदवहीच होय.

आमचें मत विचाराल, तर कांचेच्या कपाटांत ठेवण्यासाठीं वाद्य विकत घेणाऱ्याला आम्ही वाद्याचा मालक म्हणूं, रसिक म्हणण्यास मात्र कचरूं. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं जेम्स जेमरसन नांवाचा वादक होऊन गेला. मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांचा बेस त्याच्या उजव्या हाताच्या एका तर्जनीनें वाजलेला आहे. त्याचें लाडकें वाद्य १९६२ सालचें, म्हणजे त्या काळीं नवें कोरेंच होतें. तारा तुटल्याखेरीज तो बदलीत नसे. १९८३ सालीं त्याच्या मृत्यूच्या थोडे दिवस आधीं तें वाद्य चोरीस गेलें. पॉल मॅकार्टनी यानें १९६१ सालीं हांबुर्गमध्यें सुमारें तीस पौंडांना घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफ्नर बेस गिटार १९७२ सालीं लंडनमध्यें अशीच चोरीस गेली. ती एका घराच्या माळ्यावर पडून राहिली होती. तिचा शोध लागून ती मूळ धन्याकडे परत आल्याची वार्ता २०२४ च्या फेब्रुवारींत जगभर झाली. पन्नास वर्षें मुकी राहिलेली वस्तु पाहून त्याला काय वाटलें असेल, याची कल्पना ज्याच्या घरीं आजोबांचा पखवाज खुंटीला टांगलेला आहे त्यानेंच करावी.

नव्या वाद्यांचेही गुण आहेत. १९७६ सालीं निघालेल्या म्यूझिक मॅन कंपनीच्या ‘स्टिंगरे’पासून वाद्याच्या पोटांतच नऊ व्होल्टची बॅटरी व एक लहान ॲम्प्लिफायर बसविण्याची रीत रूढ झाली, तिनें स्वर अधिक ठसठशीत निघतो. पुढें पांच व सहा तारांचे बेस आले. पडदे नसलेला बेसही मिळतो. पडदे नसल्यामुळें त्यावर आपली मींड उत्तम निघते. मात्र स्वराचें ज्ञान पक्कें नसेल, तर तो वादकाची अब्रू ठेवीत नाहीं.

आपल्या मुंबईंतही या वाद्याची मोठी परंपरा आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे अनेक ख्रिस्ती वादक होते. त्यांतील कित्येकांनीं स्वरलेखन गोव्यांतील चर्चच्या शाळांतच आत्मसात केलें होतें. राहुलदेव बर्मन यांच्या वृंदांतील बेस गिटारवादक टोनी वाझ यांचें नांव जाणकार आदरानें घेतात. चरणजित सिंग हेही चित्रपटगीतांत बेस वाजवीत. त्यांनीं पुढें १९८२ सालीं सिंथेसायझरवर दहा राग वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढली. त्या पिढीला परदेशी वाद्य मिळविणें आजच्याइतकें सोपें नव्हतें. आयातीचे निर्बंध कडक होते. गाणें आपण गायकाच्या नांवानें ओळखतों, आणि खर्ज धरणारा मागेंच राहतो. पुढच्या वेळीं जुनें गाणें लागलें, म्हणजे एकदां केवळ खालच्या स्वराकडे कान द्या.

या वाद्याशीं आपल्या रानाचाही एक संबंध आहे. बेस गिटारीच्या दांडीवर पडदे बसविण्यासाठीं जी काळसर पट्टी असते, ती पुष्कळदां शिसवाची असते. पूर्वीं ब्राझीलचें शिसव वापरीत; तें दुर्मिळ होतां होतां १९९२ सालीं त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारच बंद करण्यांत आला. तत्पूर्वींच, सुमारें १९६५ नंतर, कारखानदार हिंदुस्थानच्या शिसवाकडे वळले होते. सागाबरोबर सह्याद्रीच्या रानांत वाढणारें तेंच हें झाड. २०१७ च्या आरंभीं शिसवाच्या सर्वच जाती आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालीं आल्या. २०१९ सालीं तयार वाद्यांना त्यांतून सवलत मिळाली. शिसव फार सावकाश वाढतें. जी पट्टी आपल्या बोटांखालीं येते, ती कोणाच्या तरी आजोबांच्या वेळच्या झाडाची असते. तेव्हां नव्या वाद्याला दुसऱ्या लाकडाची पट्टी असली, तर तें हलकें समजूं नये.

विकत घेण्यापेक्षां सांभाळणें कठीण, आणि आपल्याकडे तर फारच. मे महिन्याच्या उन्हानें लाकूड आकसतें व जून लागतांच ओल्या हवेनें फुगतें. त्यामुळें दांडी वांकते, तारा वर उचलल्या जातात आणि स्वर बिघडतो. दांडीच्या आंत एक लोखंडी सळई असते; तिची चावी एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक न फिरवितां दांडी सरळ करितां येते. प्रथम हें जाणकाराच्या देखत करावें. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या, वाद्य भिंतीला टेकवून न ठेवितां पिशवींत ठेवावें, व बॅटरीचें वाद्य असल्यास वायर काढून ठेवावी. वायर लावलेली असेपर्यंत बॅटरी जळतच असते.

याहून महत्त्वाची गोष्ट जिवाची आहे. बेस गिटारीच्या तारा घोडीखालील एका वायरीनें ॲम्प्लिफायरच्या धातूला व तेथून जमिनीला जोडलेल्या असतात. घरच्या किंवा मांडवाच्या विजेला नीट अर्थिंग नसेल, तर एक हात तारेवर असतां ओठ मायक्रोफोनला लागतांच वीज शरीरांतून जाऊं शकते. १९७२ सालच्या मे महिन्यांत वेल्समधील स्वान्सी शहरीं लेस हार्वी हा सत्तावीस वर्षांचा गिटारवादक रंगमंचावरच अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनच्या धक्क्यानें मरण पावला. पावसाळ्यांतील मांडव, ओली जमीन आणि तिसरी पिन मोडून खोंचलेला प्लग हें दृश्य आपल्याकडे दुर्मिळ नाहीं. वाद्यासाठीं जमविलेल्या पैशांतील पहिला खर्च वीजतंत्र्याकडून अर्थिंग तपासण्यावर व गळती होतांच वीज तोडणारा स्विच बसविण्यावर व्हावा, असें आमचें पालकांस आग्रहाचें सांगणें आहे.

आणि मग आसनगांवची गाडी धरून धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत गेलां, किंवा कल्याणला कोणाकडे वापरलेलें वाद्य पाहावयास गेलां, तर ॲम्प्लिफायर प्रथम बंदच ठेवा. सर्वांत जाड तार मोकळी छेडून कान लाकडाला लावा, व स्वर किती वेळ टिकतो तें मनांत मोजा. मग प्रत्येक पडद्यावर बोट ठेवून पाहा. कोठें तार खरखरते, कोठें स्वर आंतल्या आंत मरतो, तें कळेल. दांडीच्या टोंकाकडून घोडीकडे एक डोळा मिटून पाहिल्यास तिचा वांक दिसतो. एवढें झाल्यावरच मग बटण दाबून आवाज ऐका, आणि त्यानंतर किंमत विचारा.