महागाई, सरकारी मदत आणि आपली उधारीची वही

महागाई वाढली की दुकानदाराची उधारीची वही जाड होते. धानोऱ्यासारख्या गावात कापडाच्या गिऱ्हाइकाने हात आखडला, की समजावे त्याचा पैसा तेल-डाळीत गेला. कापड पुढच्या सणावर ढकलता येते, चूल ढकलता येत नाही. म्हणून सरकार घरांना काय देते, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे. आपल्यातले कित्येक शिलाई कारागीर व फेरीवाले स्वतःच या मदतीचे हकदार आहेत.

ही मदत दोन प्रकारची आहे.

पहिली धान्याची. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य ठरवून दिले आहे. तांदूळ ३ रुपये व गहू २ रुपये किलो होता. १ जानेवारी २०२३ पासून तो मोफत झाला. पाच माणसांच्या प्राधान्य घराला २५ किलो मिळतात. बाजारभाव कितीही चढला तरी हे २५ किलो तेवढेच राहतात.

दुसरी रोख रकमेची. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये ठरले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. रोख रक्कम गरजेप्रमाणे खर्च करता येते, हा तिचा गुण. पण ती भावाबरोबर वाढत नाही. समजा भाव दरसाल ६ टक्के वाढले, तर दोन वर्षांनी या १,५०० रुपयांत आजच्या सुमारे १,३३५ रुपयांचाच माल येईल.

तिसरी गोष्ट लक्षात ठेवा. कायद्याने दिलेला हक्क वेगळा आणि सरकारी निर्णयाने दिलेली सवलत वेगळी. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर व तेलाचा ‘आनंदाचा शिधा’ मिळाला. २०२५ च्या दिवाळीला तो मिळाला नाही. सवलतीवर भरवसा ठेवून कोणी मोठे कर्ज करू नये, व्यापाऱ्यानेही तेवढ्याच आधारावर उधारी वाढवू नये.

आता अडचण कुठे येते ते पाहू. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. आज रोख मदत आधारच्या जोडणीवर चालते. एक गिऱ्हाईक बाई दोन महिने पासबुक भरून आणत होत्या, पैसे दिसत नव्हते. चौकशीत कळले, आधार शेवटी दुसऱ्या बँकेतल्या खात्याला जोडले गेले होते. पैसे तिकडे पडून होते. बाईंनी मात्र तोवर चढ्या व्याजाने पैसे घेतले होते.

म्हणून चार सूचना :

१) आधार कोणत्या खात्याला जोडले आहे, ते बँकेत विचारून घ्या.

२) रेशन कार्डावरील प्रत्येक माणसाची ई-केवायसी पूर्ण करा.

३) मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्यांनी तिथल्या रेशन दुकानातूनही आपल्या वाट्याचे धान्य घ्यावे, ‘एक देश, एक रेशन कार्ड’ व्यवस्थेत ती सोय आहे.

४) दुकानदाराने उधारीपोटी कोणाचे रेशन कार्ड, पासबुक वा एटीएम कार्ड ठेवून घेऊ नये, रेशनचे धान्यही विकत घेऊ नये. रेशनचे धान्य असे विकत घेणे हा गुन्हा आहे, आणि दुसऱ्याच्या लेकरांच्या ताटातला घासही.

गिऱ्हाइकाला फॉर्म समजावण्यात दहा मिनिटे जातात. त्याच्या घरी हक्काचे धान्य व पैसा वेळेवर पोहोचला, तर जुनी बाकीही वसूल होते आणि ईदेला-दिवाळीला तो आपल्याच दुकानाची पायरी चढतो.