सबमिशन संपलं, तरी गड दोन दिवस थांबेल

गेल्या डिसेंबरात एक मुलगी दवाखान्यात आली. वय 19, गाव लातूरकडचं, पुण्यात इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, तिघी मैत्रिणींसोबत कॉट बेसिसवर राहणारी. शेवटचा पेपर झाला त्याच रात्री तीन वाजता गाड्या काढून त्यांचा गट राजगडाला निघाला होता. गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट धरली. वरच्या रेलिंगच्या उभ्या टप्प्यावर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हात सुटला. मागून येणाऱ्या मैत्रिणीने तिला दंडाला धरून खडकाशी बसवलं, म्हणून पुढचं टळलं. ‘‘डॉक्टर, स्टॅमिना फार कमी झालाय, एखादं टॉनिक लिहून द्या,’’ एवढीच तिची तक्रार होती.

मी तिला आदल्या आठवड्याचं खाणं विचारलं. सकाळी अमृततुल्यचा चहा आणि क्रीमरोल. दुपारी मेसचा डबा, त्यातली भाजी आवडली नाही की नुसता भात. संध्याकाळी वडापाव. पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, रात्रभर जागायचं म्हणून दिवसाला सहा-सात कप चहा. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे विचारल्यावर ती थोडी थांबली आणि हो म्हणाली. दोन वर्षांपासून होत होता, घरी कुणाला सांगितलं नव्हतं. खालच्या पापणीचा आतला भाग पांढुरका दिसत होता. हिमोग्लोबिन 8.6 आलं. तिच्या वयाच्या मुलीचं ते निदान 12 असायला हवं.

या मुलीला टॉनिक नको होतं. तिचा स्टॅमिनाही हरवला नव्हता. चार महिने चहा-बिस्किटांवर चालवलेलं शरीर तिने एका रात्रीत उभ्या कड्यावर नेलं होतं. असे विद्यार्थी मला वर्षातून तीनदा घोळक्याने भेटतात: दिवाळीनंतरच्या परीक्षा संपल्या की, पहिला पाऊस पडला की आणि मे महिन्यात. तुम्ही डोंगरात जा, जरूर जा. पण गडाची तयारी सत्र चालू असताना, तुमच्या खोलीतल्या गॅसपाशी सुरू होते, हे मला आज तुमच्या आणि तुमच्या आईवडिलांच्या गळी उतरवायचं आहे.

आधी रक्ताबद्दल. फुप्फुसांतला प्राणवायू मांडीच्या स्नायूंपर्यंत हिमोग्लोबिन वाहून नेतं. ते कमी असलं तर हृदय जास्त वेगाने धावून कसर भरून काढतं, म्हणून वर्गात बसून तुम्हाला काहीच जाणवत नाही. चढावर मात्र हृदयाकडे वाढवायला काही उरत नाही. धाप लागते, छातीत धडधडतं, अंधारी येते. आपल्या देशातल्या तरुण मुलीला आहारातून दिवसाला सुमारे 29 मिलिग्रॅम लोह मिळावं असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, मुलग्यांना 19. धान्य-डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीर सहज उचलत नाही. सोबत लिंबू, आवळा, पेरू असं काही असलं की शोषण वाढतं. जेवणावर लगेच चहा प्यायलात की तेच शोषण बरंच घटतं. त्यामुळे जेवणानंतरचा चहा एक-दीड तास पुढे ढकला, हा माझा पहिला सल्ला आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. जे अजिबात मांसाहार करत नाहीत आणि दूध-दहीही टाळतात, त्यांनी बी-12 तपासून घ्यावं. हातापायांना मुंग्या येत असतील तर लवकर.

आता स्वयंपाक. ‘‘वेळ नाही’’ हे उत्तर मी रोज ऐकतो, म्हणून घड्याळ लावून सांगतो. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, दोन्ही धुऊन घ्या. छोट्या कुकरमध्ये चमचाभर तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळद. मूठभर शेवग्याची किंवा मेथीची पानं चिरून टाका, पालक असला तरी चालेल. तिप्पट पाणी, मीठ, तीन शिट्ट्या. ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळा, सोबत भाजलेले शेंगदाणे घ्या. पंचवीस मिनिटांत एका माणसाचं पोटभर जेवण होतं आणि त्यातली दहा मिनिटं कुकर एकटाच काम करतो. तांदळाच्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते तांदळात. आपल्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला मऊ खिचडी किंवा मेतकूट-भात देतात, तो दोन्हींचा मेळ पचायलाही सोपा पडतो म्हणूनच.

एक काळजी घ्या. रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवून सकाळी फोडणी देऊन खाणं ही खोल्यांमधली रोजची गोष्ट आहे. शिजवताना न मेलेले काही जिवाणू त्या भातात रात्रभर वाढून असं विष तयार करतात की पुन्हा गरम केल्यावरही ते नष्ट होत नाही. ट्रेकच्या दिवशी पहाटे फोडणीचा भात आणि नऊ वाजता अर्ध्या वाटेत उलट्या, असे रुग्ण मी पाहिले आहेत. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर मोजून शिजवा.

आता गडाकडे येऊ. उतरल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, मांड्या दगडासारख्या होतात, तेव्हा सगळे चढाला दोष देतात. खरं काम उतारावर झालेलं असतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो आणि त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणं एका दिवसाने चढतं, तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतं आणि आपोआप ओसरतं. यावर उपाय आधीचा आहे. ट्रेकच्या तीन आठवडे आधीपासून आठवड्यातून दोनदा पर्वतीवर किंवा हनुमान टेकडीवर जा आणि उतरताना पाय मोजून, सावकाश टाका. तिथे उतरण्याची घाई करणारा मुलगा सरावाचा निम्मा भाग वाया घालवतो. ट्रेकनंतर लघवी चहासारखी गडद झाली आणि स्नायू सुजले असतील, तर मात्र घरी बसू नका. स्नायूंतले पदार्थ रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण आलेला असू शकतो. आणि घामाने कोरडं पडलेल्या शरीरावर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या मित्राच्या पाकिटातून काढून घेऊ नका, त्यांनी तोच ताण वाढतो.

मे महिन्यात कळसूबाईला निघालेल्यांनी बारीच्या पायथ्यापासून पहाटेच चढायला लागावं. शिखर 1646 मीटर उंच आहे, वर वारा असतो, पण शिड्यांच्या अलीकडच्या वाटेवर सावली फार थोडी. माणशी तीन लिटर पाणी घ्या, त्यातलं लिटरभर तरी मीठ-साखरेचं असू द्या: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. तासन्‌तास घाम गाळून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागला आणि अंग तापलं असेल, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल त्या पाण्याने अंग भिजवून वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पावसाळ्यात उलटा धोका असतो आणि त्याची कल्पना फार थोड्यांना असते. जुलैत हरिश्चंद्रगडावर भिजलेली जीन्स आणि सुती टीशर्ट घालून चार तास वाऱ्यात उभं राहिलं की शरीराचं तापमान 35 अंशांखाली जाऊ शकतं. बर्फ पडण्याची गरज नाही. जो मुलगा आतापर्यंत कुडकुडत होता तो अचानक गप्प झाला, अडखळायला लागला, ‘‘मला झोपू द्या’’ म्हणाला, तर त्याला आराम पडलेला नाही, तो आणखी थंड पडला आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, आडोशाला दोघांच्या मध्ये बसवा, शुद्धीत असेल तर गरम गोड काहीतरी द्या. म्हणून सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा जोड असलाच पाहिजे. फुगलेल्या ओढ्यात कुणाच्याही आग्रहाने पाय घालू नका.

आणि पावसाळी ट्रेकनंतर एक ते दोन आठवड्यांनी ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मी चिखलात, साचलेल्या पाण्यात चाललो होतो. उंदराच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस असा येतो. अंगावर कुठे काळपट खपली पडली असेल तर तीही दाखवा, झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफसची ती खूण असते. हे दोन्ही आजार वेळेत ओळखले तर साध्या गोळ्यांनी बरे होतात. पण माझ्यासमोर बसलेला तापाचा रुग्ण गेल्या रविवारी कुठे होता, हे तो सांगेपर्यंत मला कळत नाही.

हिवाळ्यात गडावर मुक्काम करता, तेव्हा दगड उचलताना आणि सकाळी बूट घालताना आधी झटकून पाहा. कोकणात आणि घाटमाथ्यावर सापडणाऱ्या लाल विंचवाचा दंश पूर्वी जीव घ्यायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, ही लक्षणं दिसली की थांबायचं नाही. साप चावला तर आवळून दोरी बांधणं, चिरणं, चोखणं हे सगळं सोडा. अंगठी, पैंजण काढा, हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवा, चालायला लावू नका, उचलून खाली आणा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे सापाच्या मागे धावून त्याला मारून आणण्याची काहीही गरज नाही. कड्याखाली आग्या मोहोळ दिसलं तर शेकोटी नको, अत्तर नको, आरडाओरडा तर नकोच.

सगळ्यांच्याच सुट्ट्या डोंगरात जात नाहीत. पुण्यातली कितीतरी मुलं-मुली पाऊस सुरू झाला की ढोल-ताशा पथकात जातात, नदीपात्रात संध्याकाळभर सराव चालतो. त्यांच्या कानांची मला मनापासून काळजी वाटते. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो असं धरलं, तर पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. कापसाचे बोळे पुरत नाहीत, औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात ते घाला. सरावानंतर रात्री कानात शीळ वाजत राहत असेल तर दोन दिवस सराव बंद ठेवा आणि आठवडाभरात ती गेली नाही तर कान दाखवा. गेलेले नाजूक पेशीतंतू परत उगवत नाहीत.

राहिली झोप. सलग 17 तास जागं राहिल्यानंतर माणसाची प्रतिक्रिया थोडी दारू प्यायल्यासारखी मंदावते, हे मोजून पाहिलेलं आहे. पेपरच्या आदल्या रात्री जागलेला मुलगा पहाटे तीनला मागे मित्राला बसवून घाटात गाडी चालवतो, तेव्हा गडावरच्या कुठल्याही कड्यापेक्षा मोठा धोका त्या रस्त्यावर असतो. म्हणून सबमिशन संपल्यावर पहिले दोन दिवस झोपा. दोन वेळा नीट जेवा. आईवडिलांना विनंती, दिवाळीला घरी आलेलं पोर पहिले दोन दिवस दुपारपर्यंत झोपलं तर त्याला आळशी म्हणू नका. तिसऱ्या दिवसापासून मात्र सकाळी उठवा, नाहीतर परतल्यावर पहिल्या तासाला डोळे उघडणार नाहीत.

त्या मुलीला मी लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीच्या त्रासासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि शौचाला काळं झालं तर घाबरू नकोस म्हणून सांगितलं. महिन्याने हिमोग्लोबिन 10.5 झालं, मार्चअखेर 12.4. अजून तीन महिने गोळ्या घ्यायच्या आहेत, कारण रक्त भरलं तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला वेळ लागतो. बरेच जण नेमके इथेच गोळ्या सोडतात. एप्रिलच्या सुरुवातीला ती पुन्हा राजगडावर गेली, या वेळी पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी, पुरेशी झोप घेऊन, डब्यात थालीपीठ आणि दही घेऊन.

तिच्या आईने मला फोनवर विचारलं, ‘‘डॉक्टर, सुट्टीहून परत जाताना बरोबर काय देऊ?’’ मी सांगितलं: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची आणि तिळाची चटणी, नाचणीचं पीठ, अळिवाचे थोडे लाडू. चिवडा-चकली द्या, पण पिशवी त्यानेच भरू नका. आणि एक छोटा कुकर. लोहाच्या गोळ्या खाऊच्या पिशवीत ठेवू नका. घरात लहान भावंडं असतील तर त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच कपाटात ठेवा, कारण लहान मुलाने त्या गोड समजून मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.