पाठीवरचा पंप आणि उडता पंप

घोंघावतो, पण भुंगा नाही. आभाळातून पाणी पाडतो, पण ढग नाही. ओळखा पाहू, कोण?

त्याचे नाव ड्रोन. ड्रोन म्हणजे चार-सहा पंख्यांचे लहानसे विमान. ते बॅटरीवर उडते. त्यात माणूस बसत नाही. माणूस बांधावर उभा राहून ते चालवतो. फवारणीच्या ड्रोनला बहुधा १० लिटरची टाकी असते. एक एकर १०-१५ मिनिटांत फवारून होतो.

हा खटाटोप कशासाठी? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. २० च्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. पंप पाठीवर आणि विषारी फवारा तोंडासमोर! ड्रोन असला, की माणूस फवाऱ्यापासून दूर राहतो.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात विद्यार्थी ड्रोनचे तंत्र शिकतात. इंजिनियरिंगची मुलेही ड्रोन जोडून प्रयोग करतात. एक प्रयोग ऐका. पिकात खाली-वर पिवळ्या, खास कागदाच्या पट्ट्या लावायच्या. वरून नुसते पाणी फवारायचे. थेंब पडेल तिथे निळा डाग उठतो. डाग पाहिले की कळते, फवारा बुंध्यापर्यंत पोचला की शेंड्यावरच राहिला. भातावरचे तुडतुडे बुंध्याशीच बसतात. म्हणून हे पाहावे लागते.

आता आपल्या कर्जत-खालापूरचे बघू. आपली खाचरे लहान. बांधाला झाडे, वरून विजेच्या तारा. ड्रोनच्या टाकीत पाणी थोडे, म्हणून औषध दाट असते. वारा सुटला तर ते शेजाऱ्याच्या भाजीवर नाहीतर विहिरीत जाते. म्हणून कोणी ड्रोन आणला, तर आधी तीन गोष्टी विचारा :

१. चालवणाऱ्याजवळ प्रमाणपत्र आहे का? २०२१ च्या नियमांप्रमाणे ते लागते.
२. हे औषध ड्रोनने फवारायला परवानगी आहे का?
३. वारा पडला आहे का?

आणि टाकी कोण भरतो? माणूसच! तेव्हा डब्यावरचा चौकोन बघा. त्यात रंगीत त्रिकोण असतो. तांबडा सर्वांत जहाल. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवे तेवढे सौम्य, पण तेही विषच. आपण त्याला औषध म्हणतो, एवढेच.

तुम्हांला आता वाचता येते. डबा उघडण्याआधी त्यावरचा कागद वाचा. घरच्यांनाही वाचून दाखवा.

सांगा पाहू :
१. पट्टीवरचा डाग काय सांगतो?
२. वारा असताना का फवारू नये?
३. तुमच्या घरच्या डब्यावर कोणता रंग आहे?