घरात ऐकणारं माणूस हवं

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं दहावी होऊन येतात आणि येताना कपाळावर एक शिक्का घेऊन येतात : ‘याला अभ्यासाचं जमत नाही, निदान हाताचं काम तरी शिकू दे.’ शाळेत कुणीतरी हे कधी तरी बोललेलं असतं, घरच्यांनी ते मान्य करून टाकलेलं असतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरालाही ते खरंच वाटायला लागतं.

या मुलांना पुस्तकं वाचावीशी वाटावीत म्हणून मी बरीच वर्षं धडपडतो आहे. त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. आमच्या मुलाला वाचक करायचं तर त्याच्या घरी त्याचं वाचणं ऐकणारं कुणीतरी हवं. ते माणूस शिकलेलं असायलाच हवं असं नाही.

१. ड्रॉइंग वाचणाऱ्या मुलाला वाचता येत नाही असं म्हणू नये

फिटर ट्रेड शिकणारा मुलगा पहिल्या काही महिन्यांतच कागदावरच्या रेघा बघून वस्तू डोळ्यांपुढे आणायला शिकतो. समोरून कशी दिसेल, वरून कशी दिसेल, भोक कुठे, खाच किती खोल, हे सगळं त्याला एका कागदावरून कळतं. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरचा फरक तो वाचतो. हे वाचनच आहे आणि चांगलंच अवघड वाचन आहे. म्हणून पालक आले की मी त्यांना आधी ऑफिसात बसवत नाही, वर्कशॉपमध्ये नेतो. मुलाने केलेला जॉब त्यांच्या हातात देतो आणि मुलालाच सांगतो, ‘आईला ड्रॉइंग समजावून सांग.’ आपल्या पोराला अवघड कागद उलगडता येतो हे आईने एकदा डोळ्यांनी बघितलं, की पुस्तकाचा विषय काढायला मला जड जात नाही.

२. पालकांना बाजाराच्या दिवशी बोलवावं

आमच्या मुलांचे पालक शेतमजूर आहेत, फाउंड्रीत मोल्डर आहेत, वडापची गाडी चालवतात, कुणी ऊसतोडीला जातात. सभेला आले की त्यांचा रोज बुडतो, म्हणून नोटीस पाठवली तरी ते येत नाहीत. त्याला बेफिकिरी म्हणणं अन्यायाचं आहे. आठवडे बाजाराला मात्र ते तालुक्याला येतातच. त्या दिवशी दुपारी अर्धा तास मागितला तर पिशव्या घेऊन येतात आणि मोकळेपणाने बसतात. आई एकटी आली तर फारच चांगलं. संध्याकाळी घरी कोण किती वाजता असतं, टीव्ही कधी लागतो, पोरगं कुठे बसतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

३. पोथी ऐकलेल्या घराला वाचनाचं महत्त्व पटवावं लागत नाही

या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण सगळं इथेच आहे.

आपल्याकडे गावोगाव चातुर्मासात पोथी लागते. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘नवनाथ भक्तिसार’. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्यांतल्या कित्येकांना अक्षरओळख नसते, पण कथा कुठवर आली आणि उद्या काय होणार हे त्यांना पाठ असतं. म्हणजे पुस्तक ही आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकायची गोष्ट आहे. एकट्याने कोपऱ्यात बसून मुकाट्याने वाचणं ही त्या मानाने अलीकडची आणि शहराकडची रीत.

म्हणून मी पालकांना ‘मुलाला वाचायला लावा’ असं सांगत नाही. तसं सांगितलं की घरात फक्त कटकट वाढते. मी सांगतो, ‘रोज रात्री जेवणाआधी त्याच्याकडून दोन पानं ऐका.’ आणि चार गोष्टी पाळायला सांगतो. तेवढा वेळ टीव्ही बंद. तो अडखळला तर थांबायचं, शब्द आपण पुरवायचा नाही. धाकट्या भावंडांनी हसायचं नाही. आणि दोन पानं झाली की ‘पुढं काय झालं असंल?’ एवढंच विचारायचं.

जिला वाचता येत नाही अशी आई इथे सगळ्यांत उपयोगी पडते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. शाळेत हा मुलगा जेव्हा जेव्हा मोठ्याने वाचायला उभा राहिला, तेव्हा समोरचा माणूस त्याची चूक धरायला बसलेला होता. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, ‘श’ आणि ‘ष’. आई चूक धरू शकत नाही. तिला गोष्ट हवी असते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या तोंडून पुढचं वाक्य ऐकायला खोळंबलेलं असतं, आणि मुलाचा आवाज सुटतो. शिकलेल्या वडिलांना मी उलट बजावून सांगतो की महिनाभर तरी एकही उच्चार सुधारू नका.

सुरुवातीला मुलं लाजतात. म्हणून रात्री वाचायची पानं दुपारी वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर एकदा वाचून जायची सोय ठेवली आहे. वीज गेली की लेथ थांबतात. तो वेळ याच कामी लागतो.

४. पहिलं पुस्तक जवळच्या मातीतलं द्यावं

सांगली जिल्ह्याइतका याबाबत श्रीमंत मुलूख थोडाच असेल. अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. शाळा त्यांना जवळजवळ लाभलीच नाही, मुंबईत गिरणीत घाम गाळला, आणि १९५९ साली ‘फकिरा’ ही कादंबरी आली. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातले. शंकरराव खरात आटपाडीचे. वाळव्याच्या मुलाला मी जेव्हा सांगतो की अण्णाभाऊ तुझ्या शेजारच्या गावचे आहेत, तेव्हा तो पुस्तक उलटंसुलटं करून पाहतो. गावांची नावं ओळखीची, वारणा नदी ओळखीची, बोलणं घरातल्यासारखं. अडखळणाऱ्या वाचकाला एवढी ओळख फार पुरते.

प्रेरणादायी म्हणून वाटली जाणारी यशाच्या मंत्रांची पुस्तकं मी पहिल्यांदा देत नाही. त्यांत माणसं नसतात, नुसते सल्ले असतात, आणि आमच्या मुलांनी सल्ले जन्मभर ऐकलेले असतात. चरित्र द्यायचं तर वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ द्यावं. त्यात गुलामीत जन्मलेला माणूस शेतीशी आणि मातीशी झटताना दिसतो, आणि शेतकऱ्याच्या घरात ते ऐकलं जातं.

५. म्हाताऱ्या माणसांना विसरू नये

आटपाडीकडच्या एका मुलाच्या घरी आई-वडील दोघंही दिवसभर बाहेर. घरी आजी. त्याला मी ‘बनगरवाडी’ दिली. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ सालची कादंबरी. धनगरांच्या वाडीवर शिकवायला आलेला तरुण मास्तर आणि शेवटी दुष्काळाने रिकामी होत जाणारी वाडी. आजी रोज ऐकायची. दुष्काळाच्या पानांवर ती त्याला थांबवायची आणि आपला सांगायची : बाहत्तरचा दुष्काळ, खडी फोडायला गेलेली सगळी आळी, रेशनवरचा लाल मिलो, सुकडी. दोन पानं वाचायला त्यांना तास लागायचा. एक दिवस मुलगा मला म्हणाला, ‘सर, पुस्तकात आहे त्यापेक्षा आजीकडं जास्त आहे.’ मी त्याला कोरी वही दिली आणि आजीचं लिहून काढायला सांगितलं.

कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी उरली ती घरातल्यांनी उतरवून घेतली म्हणून, आणि मुलगा सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांपर्यंत नेली म्हणून १९५२ साली छापली गेली. हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा त्याने वही जरा नीट धरली. ज्याच्या घरचं बोलणं कागदावर येऊ शकतं, त्याला छापलेलं पुस्तक परकं वाटत नाही.

६. पुस्तकं टूल रूममध्ये ठेवावीत

ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप असतं, किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर असतात, आणि आमची मुलं तिकडे फिरकतही नाहीत. टूल रूममध्ये मात्र दिवसातून अनेकदा येतात. कानस, मायक्रोमीटर, टॅप घ्यायचा तर आपलं पितळी टोकन खुंटीला लावायचं, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. त्याच खिडकीशेजारी मी पुस्तकांचा एक रॅक ठेवला आणि त्याच टोकनवर पुस्तक द्यायला लागलो. पुस्तकांना तेलाचे डाग पडतात. पडू देत.

पुढे शीट मेटलच्या सरावात उरलेल्या पत्र्यातून प्रत्येकाने घरासाठी भिंतीवरची एक छोटी फळी करायची असं ठरवलं. ती घरी वडिलांसोबत लावायची. ज्या घरात पुस्तक ठेवायला जागा नव्हती तिथे ती मुलाच्या हातची झाली, आणि वडिलांनी भिंतीला भोक पाडलं म्हणून ती त्यांचीही झाली.

७. बाहेरगावच्या बापाला आवाज पाठवावा

ट्रकवर असलेले, कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीला गेलेले वडील संध्याकाळी घरी नसतात. त्यांच्यासाठी मुलं दोन पानं मोबाइलवर रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवतात. ट्रक चालवणारे एक वडील मला म्हणाले, ‘मास्तर, गाडी लावली की पोराचं ऐकतो. परवा त्यानं पाठवलंच नाही, मी फोन करून विचारलं.’ मोबाइलने मुलांचं वाचन बुडवलं ही तक्रार खरी आहे. तरी तोच मोबाइल असा कामाला लावता येतो.

८. ‘वाचून पगार वाढतो का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. ज्या घराचं महिन्याचं गणित दोन हजारांवर अडतं, त्या घराने तो विचारलाच पाहिजे. पगार वाढेल असं मी सांगत नाही. मी दोन कागद दाखवतो. एक ठेकेदाराचं नेमणूकपत्र, दुसरी पगाराची स्लिप. ॲप्रेंटिसशिपला लागलेल्या मुलाने काय वाचून सही करायची, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कुठे दिसते, ‘स्टायपेंड’ आणि ‘वेतन’ यांत काय फरक, हे वाचता न आल्याने नुकसान झालेली माणसं प्रत्येक पालकाच्या ओळखीची असतात. घरचा सातबारा, वीजबिल, पीकविम्याचा अर्ज हेही मुलालाच वाचायला द्या म्हणतो. घरातला वाचणारा माणूस म्हणून त्याची पत वाढते.

पण तेवढ्यावर थांबलं तर वाचन म्हणजे नुसती कागदपत्रं होऊन बसतील. म्हणून मी त्यांना किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगतो, ती आमच्याच जिल्ह्यातली आहे. १९१० साली तेव्हाच्या औंध संस्थानात माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना उभा केला. तिथूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याची खबरबात देणारं हे छोटं पत्र शंकरराव किर्लोस्करांनी वाढवलं, पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ आलं, आणि मराठी घरांच्या विचारांना या मासिकांनी वळण दिलं. लोखंड ओतणाऱ्या गावातून हे घडलं. कारखाना आणि पुस्तक यांची फारकत आपण पुढे केली, मुळात ती नव्हती. हे सांगताना मला दरवेळी भरून येतं आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही.

९. वाचनाला गुण लावू नयेत

पुस्तकाचा सारांश लिहून आणा, वहीवर सही घ्या, वाचन प्रेरणा दिनाला, म्हणजे १५ ऑक्टोबरला, फोटो काढा. यातलं काही आलं की मुलं एकमेकांच्या वह्या उतरवतात. आमच्याकडे कुणाला काहीच लिहून द्यावं लागत नाही. पुस्तक अर्धं टाकायलाही परवानगी आहे.

१०. मुलींसाठी घराशी वेगळं बोलावं लागतं

इलेक्ट्रिशियन आणि ड्रेस मेकिंगला येणाऱ्या मुली मुलांपेक्षा लवकर वाचायला लागतात. त्यांची अडचण वेळाची असते. घरी पोचली की स्वयंपाक, पाणी, धाकटी भावंडं. तिथे मी आईला सांगतो की ती वाचत असताना तिला भाकरीसाठी उठवू नका, तिला वाचू द्या आणि भाकरी तिच्या भावाला थापू द्या. काही घरांत हे ऐकून घेतलं जातं, काही घरांत नाही. जिथे ऐकलं जात नाही तिथे आईच्या नावाने गावातल्या वाचनालयाचं सभासदत्व घ्यायला लावतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे आपल्याकडे लहान गावांतही अनुदानित वाचनालयं आहेत. वर्गणी थोडी असते. आई पुस्तक आणायला जाते तेव्हा सोबत मुलगी जाते, आणि त्याला घरात कुणी हरकत घेत नाही.

११. मुलगा वाचेलच असं नाही

काही मुलं काहीही केलं तरी वाचत नाहीत. त्यांचा हात मशीनवर रमतो आणि ती उत्तम कारागीर होतात, त्यांच्यामागे लागू नये. फाउंड्रीत मोल्डर असलेल्या एका वडिलांचा मुलगा असाच होता. नेलेली ‘फकिरा’ फळीवर पडून होती. सातवीनंतर शाळा सुटलेल्या वडिलांनी ती रात्रपाळीहून आल्यावर एकेक पान करत वाचून काढली आणि पुढच्या बाजाराला माझ्याकडे आले. म्हणाले, ‘याच माणसाचं अजून काय हाय का?’ मी ‘वारणेचा वाघ’ दिली. मुलगा आता पुण्याकडे कंपनीत आहे, पुस्तकाला हात लावत नाही. वडील अजून दर बाजाराला येतात आणि टूल रूमच्या खिडकीतून पुस्तक नेतात. त्यांच्यासाठी आम्ही एक वेगळं टोकन करून दिलं आहे.