विवरणपत्र यंत्राने भरले तरी जबाबदारी सही करणाराचीच

कर भरणे आणि कराचा हिशेब सादर करणे या दोन निराळ्या गोष्टी होत. शिक्षकाचा वा लिपिकाचा कर दरमहा पगारातूनच कापला जातो. परंतु वर्षभराच्या सर्व उत्पन्नाचा एकत्रित हिशेब, म्हणजेच आयकर विवरणपत्र, त्याने स्वतः सादर करावयाचे असते. पूर्वी हे काम छापील नमुन्यावर शाईने आकडे लिहून होत असे. आता, ८० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या काही करदात्यांचा अपवाद सोडल्यास, ते संगणकावरच करावे लागते. त्यामुळे श्रम वाचले हे खरे. तथापि यंत्राने मांडलेला हिशेब आपोआप बरोबरच असतो, असा एक समजही त्याबरोबर रूढ झाला आहे. तो दूर होणे अगत्याचे आहे.

प्रणालीचे तीन प्रकार

विवरणपत्र तयार करण्याच्या प्रणाली मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार आयकर विभागाच्या संकेतस्थळावर थेट भरावयाच्या नमुन्याचा. हे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी नव्या स्वरूपात सुरू झाले. दुसरा प्रकार तेथूनच आपल्या संगणकावर उतरवून घ्यावयाच्या विनामूल्य प्रणालीचा. इंटरनेटची जोडणी वारंवार तुटणाऱ्या गावी ही अधिक सोयीची; कारण आकडे सवडीने भरून तयार झालेली फाईल शेवटी पाठविता येते. तिसरा प्रकार खाजगी कंपन्यांच्या प्रणालींचा असून त्यांपैकी अनेक शुल्क आकारतात. मार्ग कोणताही असो, विवरणपत्र अखेर आयकर विभागाकडेच जाते आणि त्याची छाननी बंगळूर येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात होते.

करदात्याच्या पॅन क्रमांकावर नोंदलेला पगार, बँकेचे व्याज, लाभांश आणि उगमस्थानी कापलेला कर हे आकडे नमुन्यात आधीच भरून येतात. बेरीज-वजाबाकीत यंत्र चुकत नाही. मात्र आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून यंत्र नवी करपद्धती गृहीत धरून चालते. भविष्यनिर्वाह निधी, विमा इत्यादींवरील वजावटी ज्या जुन्या पद्धतीत मिळतात, ती हवी असल्यास पगारदाराने तशी निवड मुदतीच्या आत स्वतः करावी लागते.

यंत्रास काय ठाऊक नसते

मालक, बँक व इतर संस्था यांनी कळविलेले तेवढेच यंत्रास ठाऊक असते. करदात्याच्या कुटुंबाची किंवा त्याला लागू असलेल्या कायद्याची माहिती त्यास विचारल्याशिवाय मिळत नाही. याचे ठळक उदाहरण गोव्यातच आहे.

पोर्तुगीज नागरी कायद्यानुसार मालमत्तेच्या सामाईक मालकीच्या पद्धतीखाली ज्यांचा विवाह झाला आहे, अशा पतिपत्नींना आयकर अधिनियम १९६१ चे कलम ५अ लागू होते. १९९४ च्या वित्त अधिनियमाने ते पूर्वलक्षी प्रभावाने घालण्यात आले. या कलमानुसार पगार ज्याचा त्याच्याच हिशेबी धरला जातो. परंतु घरभाडे, व्यवसाय, भांडवली नफा, व्याज यांसारखे उत्पन्न पतिपत्नींमध्ये निम्मेनिम्मे विभागले जाते.

एका विवाहित शिक्षकास मुदत ठेवीवर वर्षाकाठी ८०,००० रुपये व्याज मिळाले व बँकेने त्यावर १० टक्के दराने ८,००० रुपये कर कापला, असे समजू. यंत्र हे सर्व व्याज त्याच्याच नावे दाखवील. वस्तुतः त्याच्या विवरणपत्रात ४०,००० रुपये व्याज व ४,००० रुपये कापलेला कर यावयास हवा आणि उरलेला अर्धा भाग पत्नीच्या विवरणपत्रात. पत्नीचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असल्यास तिच्या वाट्याचे ४,००० रुपये तिला परत मिळू शकतात. उलटपक्षी पत्नीच्या नावे घरभाडे जमा होत असेल, तर त्याचा निम्मा भाग पतीने दाखविणे आवश्यक ठरते. ही रक्कम यंत्र त्याला दाखविणार नाही, कारण ती त्याच्या पॅनवर नोंदलेलीच नसते.

अशी विभागणी करावयाची असल्यास 'सहज' हा सोपा नमुना चालत नाही. ज्या नमुन्यात कलम ५अ ची अनुसूची आहे, तो निवडून जोडीदाराचे नाव व पॅन द्यावे लागते. आपणांस पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे काय, हा प्रश्न यंत्र विचारते. पण घाईने 'नाही' अशी खूण केल्यास पुढील सारा हिशेब चुकीच्या पायावर उभा राहतो.

शेती असलेल्या नोकरदारांनीही, मग ते फोंड्याचे असोत वा बेळगावकडील, अशीच दक्षता घ्यावी. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते ५,००० रुपयांहून अधिक असल्यास 'सहज' नमुना वापरता येत नाही. आणि जेथे इतर उत्पन्न करपात्र मर्यादेपलीकडे जाते, तेथे कराचा दर ठरविताना शेतीचे उत्पन्नही विचारात घेतले जाते.

परताव्याचे आमिष

काही मध्यस्थ मोठा परतावा मिळवून देण्याचे आमिष दाखवून विवरणपत्रात खोट्या देणग्या, घरभाडे किंवा वैद्यकीय खर्च दाखवितात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने अशा प्रकारांबाबत देशात १५० ठिकाणी पडताळणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. काही मध्यस्थ केवळ विवरणपत्रापुरता तात्पुरता ई-मेल पत्ता उघडतात व नंतर तो सोडून देतात. परिणामी विभागाची नोटीस करदात्यापर्यंत पोहोचतच नाही. उत्पन्न कमी दाखविल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के, आणि हेतुतः खोटी माहिती दिल्यास २०० टक्के दंडाची तरतूद आहे. हा दंड मध्यस्थास नव्हे, करदात्यास भरावा लागतो.

घ्यावयाची काळजी

विवरणपत्र भरण्यापूर्वी फॉर्म १६, बँकेची पासबुके व संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण समोर ठेवून प्रत्येक आकडा ताडून पाहावा. विवरणातील एखादी नोंद चुकीची असल्यास तसे तेथेच कळविता येते. दुसऱ्याची मदत घेण्यास हरकत नाही. परंतु संकेतशब्द व मोबाईलवर येणारा ओटीपी कोणाच्या हाती सोपवू नये आणि ई-मेल पत्ता व मोबाईल क्रमांक स्वतःचेच नोंदवावेत. पाठविण्यापूर्वी संपूर्ण विवरणपत्र वाचून पाहावे. ते पाठविल्यावर ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने किंवा अन्य मान्य मार्गाने त्याची पडताळणी करणे आवश्यक असते.

१ एप्रिल २०२६ ही नवीन आयकर अधिनियम २०२५ च्या अंमलाची तारीख ठरविण्यात आली असली, तरी आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नास १९६१ चाच अधिनियम लागू आहे. गावातील ज्या शिक्षकांना व ग्रामसेवकांना संगणकाची सवय आहे, त्यांनी आपल्या शेजाऱ्यांना, विशेषतः निवृत्तिवेतनधारकांना, पोचपावती उघडून दाखवावी व त्यातील आकडे वाचून समजावून द्यावेत. स्वतःच्या नावाने काय सादर झाले आहे, हे करदात्याला त्यामुळे वेळीच कळेल.