फ्लू किंवा कोरोनानंतर फुफ्फुसात होणारी बुरशी

‘डॉक्टर, ती काळी बुरशी आता गेली ना?’ असे मला रुग्ण अजूनही विचारतात. बुरशी कुठे जात नाही. भिजलेले कुटार, शेणखताचा ढीग, ओल आलेली भिंत, दमट धान्य अशा ठिकाणी ती वाढते. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत तरंगतात आणि आपण सर्वजण ते रोज श्वासावाटे आत घेतो.

निरोगी माणसाला त्याचा त्रास होत नाही. श्वासनलिकेतील बारीक केस हे बीजाणू बाहेर लोटतात. त्यातूनही जे खोल जातात, त्यांना फुफ्फुसातील भक्षक पेशी गिळून टाकतात.

धोका केव्हा?

तीव्र फ्लू किंवा कोरोनाच्या न्यूमोनियात विषाणू श्वसनमार्गाचे आतले अस्तर सोलून काढतो आणि भक्षक पेशी दुबळ्या होतात. त्यातच स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती दबते व रक्तातील साखर वाढते. मधुमेह असेल तर बुरशीचे आणखीच फावते. नेदरलँड व बेल्जियममधील अतिदक्षता विभागांत फ्लूच्या ४३२ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे १९ टक्के रुग्णांच्या फुफ्फुसात ‘अ‍ॅस्परजिलस’ या बुरशीने शिरकाव केलेला आढळला.

२०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे गाजली ती दुसरी बुरशी, म्युकर. ती बहुतेकांच्या नाकात, सायनसमध्ये व डोळ्यांत पसरली, काहींच्या फुफ्फुसातही. ही बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. रक्त न मिळाल्याने तेथील भाग मरतो आणि काळा पडतो. त्या वेळी अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची झालेली धावाधाव अनेकांना आठवत असेल. मे २०२१ अखेर आपल्या वर्ध्यातच, जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत, त्याचे उत्पादन सुरू झाले. सुमारे ७,००० रुपयांना मिळणारे इंजेक्शन १,२०० रुपयांत देण्याचे तेव्हा जाहीर झाले होते.

लक्षणे व तपासण्या

न्यूमोनियातून बरा होत असलेल्या रुग्णाला पुन्हा ताप आला, खोकल्यातून रक्त पडले, श्वास घेताना छातीत दुखू लागले किंवा दम वाढला तर थांबू नये. अँटिबायोटिकने ताप उतरत नसेल तर बुरशीची शंका घ्यावीच लागते. साध्या एक्स-रेवरून नक्की कळत नाही. सी. टी. स्कॅन करावा लागतो आणि दुर्बिणीने फुफ्फुसातील स्राव काढून तपासावा लागतो. रक्त पडत असेल तर क्षयासाठी थुंकीही तपासून घ्यावी.

बुरशी कोणती हे कळणे महत्त्वाचे असते. अ‍ॅस्परजिलससाठी दिले जाणारे व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. म्युकरला अ‍ॅम्फोटेरिसिन आणि शक्य तेथे शस्त्रक्रिया लागते. उपचार अनेक आठवडे चालतात. अ‍ॅम्फोटेरिसिनने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून रक्ताच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात.

काय काळजी घ्यावी?

१) स्टेरॉइडची गोळी मनाने किंवा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका. २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनने कोरोनाच्या रुग्णांचे प्राण वाचले, पण फायदा झाला तो ऑक्सिजनची गरज असलेल्यांना. तेथेही मात्रा रोज ६ मिलिग्रॅम व मुदत जास्तीत जास्त १० दिवस होती.

२) डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मात्र आपल्या मर्जीने एकदम बंद करू नका.

३) स्टेरॉइड चालू असताना साखर तपासत राहा, पूर्वी मधुमेह नसला तरीही.

४) दवाखान्यातून घरी आलेल्या रुग्णाने काही आठवडे कुटार उपसणे, खत भरणे, मळणीच्या धुळीत उभे राहणे टाळावे. इलाज नसेल तर घट्ट बसणारा मास्क लावावा.

५) वयस्कर, मधुमेही व दम्याच्या रुग्णांनी फ्लूची लस घेण्याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. त्यामुळे रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे किंवा त्याच्याजवळ बसायला भिण्याचे कारण नाही. त्याचा ताप आणि साखर मात्र रोज वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांना दाखवा.