भूकवचातील प्रतिबलांचा जागतिक नकाशा

आपल्या पायाखालची जमीन स्थिर भासते. परंतु खोलवरचे खडक सतत दाबाखाली असतात. वरच्या खडकांचा भार त्यांना उभा दाबतो, तर भूपट्टांच्या रेट्याने त्यांच्यावर आडवा दाब येतो. खडकांतील या दाबास ‘प्रतिबल’ म्हणतात. प्रस्तरभंगावर ते सहनशक्तीपलीकडे गेले की खडक एकाएकी सरकतात व भूकंप होतो.

प्रतिबल डोळ्यांस दिसत नाही. ते खुणांवरून ओळखावे लागते. भूकंपलहरींच्या नोंदींवरून खडक कोणत्या दिशेस सरकले, हे समजते. खोल विंधण विहिरीच्या भिंती कित्येकदा समोरासमोरच्या दोन बाजूंस ढासळतात व गोल छिद्र लांबट होते. या लांबट दिशेशी काटकोनात असणारी दिशा सर्वाधिक आडव्या दाबाची असते. तसेच विहिरीत जोराने पाणी दाबून खडकास तडा पाडल्यास प्रतिबलाचे परिमाणही काढता येते.

मात्र एका ठिकाणच्या नोंदीवर विसंबणे योग्य नव्हे. जवळचा प्रस्तरभंग किंवा खोल दरी यांमुळे स्थानिक दिशा बदलू शकते. याकरिता १९८६ साली मेरी लू झोबॅक यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी जागतिक संकलन आरंभिले. १९९२ पर्यंत ७,३०० हून अधिक नोंदी जमल्या. २०१६ च्या आवृत्तीत त्या ४२,८७० झाल्या आणि २०२५ च्या आवृत्तीत एक लाखावर गेल्या. जर्मनीतील पॉट्सडॅम येथील भूविज्ञान संशोधन केंद्र हा संग्रह सांभाळते व सर्वांस विनामूल्य देते. प्रत्येक नोंदीस ‘ए’ ते ‘ई’ अशी प्रत लावलेली असते. ‘ए’ प्रतीत दिशेची संभाव्य चूक १५ अंशांच्या आत, तर ‘सी’ प्रतीत २५ अंशांपर्यंत मानतात. त्यामुळे कोणत्या नोंदीवर किती भिस्त ठेवावी, हे वापरणाऱ्यास कळते.

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने या विषयाचे महत्त्व आपणांस दाखवून दिले. मुळात प्रतिबलित असलेल्या प्रस्तरभंगात जलाशयाच्या पाण्याचा दाब पोहोचल्यास त्याची पकड सैल होते. याच अभ्यासासाठी कोयना परिसरात २०१६-१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोल विंधण करण्यात आले.

हा नकाशा भूकंपाची तारीख सांगत नाही. पण बोगदा कोणत्या दिशेने खणावा, खाणीचे छत कसे पेलावे, कोणता प्रस्तरभंग सरकण्यास अनुकूल आहे, याचा विचार त्याच्या आधारे करता येतो. दप्तरात पडून राहिलेली नोंद एकाच कामी येते. प्रत लावून सर्वांच्या स्वाधीन केलेली नोंद पुढील पिढ्यांच्याही उपयोगी पडते.